आर भाषेतील ‘पॅरलल’ पॅकेज : वेग मिळतो, पण सीडकडे आधी पाहावे

आर या संगणकीय भाषेत संख्याशास्त्राचे काम करणाऱ्याला समांतर संगणनासाठी, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर (गणना करणाऱ्या भागांवर) एकाच वेळी चालवण्यासाठी, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही, कारण २०११ साली आलेल्या २.१४.० या आवृत्तीपासून ‘पॅरलल’ हे पॅकेज मूळ आरसोबतच येते. त्याआधी ‘मल्टिकोअर’ आणि ‘स्नो’ अशी दोन स्वतंत्र पॅकेजे प्रचलित होती. त्या दोन्हींतील बराचसा भाग येथे एकत्र आणला आहे आणि हा सांधा आजही लपत नाही : एमसीएलअ‍ॅप्लाय आणि पारएलअ‍ॅप्लाय ही दोन फंक्शने वरवर एकच काम करतात, म्हणजे यादीतील प्रत्येक घटकावर तेच फंक्शन चालवतात, पण त्यांच्या खोडी अगदी वेगळ्या आहेत.

ज्या कामातील फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नसतात, तिथे हे पॅकेज शोभून दिसते. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ साली मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत (हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढून अंदाजातील अनिश्चितता मोजणे) हे त्याचे उत्तम उदाहरण. एखादे बहुस्तरीय मॉडेल बसवायला ३ सेकंद लागत असतील, तर १०,००० पुनर्नमुन्यांसाठी एका कोअरवर आठ तासांहून अधिक वेळ जातो. तेच काम आठ कोअरवर वाटले तर आदर्श परिस्थितीत तासाभरात उरकते. प्रत्यक्षात तो आदर्श गाठला जात नाही. कामाचा दहावा हिस्सा जरी क्रमानेच करावा लागत असला, तरी कितीही कोअर लावले तरी वेग दहापटीच्या पुढे जाऊ शकत नाही, हा १९६७ सालचा अ‍ॅमडाल यांचा नियम इथेही सुटत नाही. मार्कोव्ह साखळीच्या सिम्युलेशनमध्ये तर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर उभे असते. चार साखळ्या चार कोअरवर स्वतंत्र चालवता येतात, परंतु प्रत्येकीला साखळी स्थिरावेपर्यंतचा सुरुवातीचा टाकाऊ टप्पा पूर्ण पार करावाच लागतो. हा दोष पॅकेजचा नव्हे.

एमसीएलअ‍ॅप्लाय मूळ प्रक्रियेच्या (चालू आर प्रोग्रामच्या) शाखा, म्हणजे प्रतिरूप प्रक्रिया, काढते. मेमरीतील डेटा सर्व शाखांना तसाच दिसतो आणि जो भाग बदलेल तेवढ्याचीच प्रत बनते, त्यामुळे मोठ्या डेटासाठी ही पद्धत फार सोयीची आहे. विंडोजवर मात्र ती चालत नाही. एकाहून अधिक कोअर मागितले की सरळ एरर येते. पारएलअ‍ॅप्लाय सगळीकडे चालते, पण ते आधी उघडलेल्या कोऱ्या आर सत्रांवर (आरच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रतींवर) चालते, आणि लागणारी पॅकेजे व चले प्रत्येक सत्रात आपण पोहोचवायची असतात. २ जीबीचा डेटा आठ सत्रांना दिला की १६ जीबी गेलेच. त्यातही एक छुपा खर्च आहे : दुसऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिलेले फंक्शन सत्रांकडे पाठवले, की त्याच्या परिसरातील सगळी चले, न मागताही, सोबत जातात. मेमरी कुठे गेली याचा शोध घेताना हे सहसा शेवटी सुचते.

माझ्या दृष्टीने या पॅकेजचे खरे मोल वेगात नाही, यादृच्छिक संख्यांच्या व्यवस्थेत आहे. दोन कोअरवर संख्यांचा तोच क्रम चालला, तर पुनर्नमुने स्वतंत्र राहत नाहीत आणि प्रमाण त्रुटीचा अंदाजच बिघडतो. त्यासाठी येथे लेक्युए यांचा यादृच्छिक संख्यांचा जनक दिला आहे. त्याचे आवर्तन (क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधीची लांबी) सुमारे २ च्या १९१ व्या घाताएवढे असून लागोपाठचे प्रवाह (त्या क्रमाचे वेगवेगळे तुकडे) एकमेकांपासून २ च्या १२७ व्या घाताइतक्या अंतरावर सुरू होतात, म्हणजे ते व्यवहारात एकमेकांना गाठत नाहीत. खटकते ते एवढेच की ही सोय आपण होऊन सुरू होत नाही. मुख्य सत्रात सीड (यादृच्छिक संख्यांचा क्रम ज्यापासून सुरू होतो तो आकडा) ठरवले, म्हणून पारएलअ‍ॅप्लायच्या सत्रांना ते कळत नाही. त्यासाठी क्लस्टरसेटआरएनजीस्ट्रीम हे फंक्शन स्वतंत्रपणे बोलवावे लागते. शिवाय प्रवाह सत्रागणिक वाटले जात असल्याने तेच सीड देऊनही चार सत्रांचे आणि आठ सत्रांचे उत्तर जुळत नाही. निष्कर्ष इतरांनी पडताळून पाहावेत अशी अपेक्षा असेल, तर सीडबरोबर सत्रांची संख्याही नोंदवून ठेवावी.

एरर हाताळण्याची पद्धत मला पसंत नाही. एमसीएलअ‍ॅप्लाय डीफॉल्टने सगळे काम आधीच कोअरांमध्ये वाटून टाकते, आणि एका वाट्यातील एकच फेरी एरर देऊन थांबली तरी त्या वाट्यातील सर्व उत्तरे वाया जातात. वरच्या उदाहरणात एक मॉडेल अडखळले, तर १,२५० पुनर्नमुने गेले. मेमरी कमी पडून शाखाच मारली गेली, तर उत्तरांच्या जागी नल (रिकामे मूल्य) येते, आणि पुढे यादी सपाट करताना ते नल गुपचूप गळून पडतात. वॉर्निंग येते खरी, पण रात्रभर चाललेल्या कामाच्या वॉर्निंग वाचतो कोण? म्हणून प्रत्येक फेरी ट्रायकॅचमध्ये (एरर पकडून काम चालू ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळावी आणि शेवटी उत्तरे मोजावीत.

डिटेक्टकोअर्स या कोअर मोजणाऱ्या फंक्शनच्या आकड्यावरही विसंबू नये, कारण सामायिक सर्व्हरवर आपल्या वाट्याला किती कोअर आले आहेत याचा विचार न करता ते यंत्रातील सगळे कोअर मोजते. रेषीय बीजगणिताची लायब्ररी आधीच अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या उपकामांवर) चालत असेल, तर आठ शाखा गुणिले आठ थ्रेड अशी गर्दी होऊन काम उलट मंदावते. अशा वेळी लायब्ररीला एका थ्रेडवर बांधावे.

केवळ बूटस्ट्रॅपच हवे असेल, तर ‘बूट’ पॅकेज हीच यंत्रणा आतून वापरते आणि समांतर चालवण्याची पद्धत आणि कोअरांची संख्या सांगितली की पुरते. सत्रांची संख्या बदलली तरी उत्तर तेच राहावे असा आग्रह असणाऱ्यांनी मात्र ‘फ्यूचर’ पॅकेजच्या कुटुंबाकडे वळावे; तिथे सीडची सोय सुरू केली की प्रवाह सत्रागणिक नव्हे, फेरीगणिक वाटले जातात.