एकाच रात्रीचे दोन अल्बम: आधी कुठला ऐकावा?

जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याचं लाइव्ह वादन ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. कारण माझ्या डोक्यात येणारे दोन्ही अल्बम एकाच मैफलीतले आहेत. १२ फेब्रुवारी १९६४, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधला फिलहार्मोनिक हॉल. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन, पियानोवर हर्बी हँकॉक, बासवर रॉन कार्टर आणि ड्रम्सवर अवघ्या अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्या रात्रीच्या संथ आणि मध्यम लयीतल्या रचना 'माय फनी व्हॅलेंटाइन' या नावाने १९६५ मध्ये काढल्या, आणि द्रुत रचना 'फोर अँड मोअर' म्हणून १९६६ मध्ये.

म्हणजे निवड लयीचीच, असं वाटेल. तेवढं सोपं नाही.

'फोर अँड मोअर'मधलं 'सो व्हॉट' घ्या. १९५९ च्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात ही रचना निवांत चालते. इथे लय दुपटीच्या आसपास गेली आहे. सुरांची चौकट मात्र तीच: चार-चार मात्रांचे सोळा गट डी डोरियन, मग आठ गट अर्ध्या सुराने वर ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ डी. डोरियन म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. हे एकदा कळलं की वेगात हरवायला होत नाही, षड्ज सरकला की कान टवकारतात. खरी मजा विल्यम्सच्या झांजेत आहे. हा मुलगा लय धरून ठेवत नाही, पुढे रेटतो, आणि बाकीचे धावत त्याच्यासोबत राहतात. 'वॉकिन' एफ सुरावरचा ब्लूज, तोही असाच सुसाट.

'माय फनी व्हॅलेंटाइन'ची शीर्षकरचना सुमारे पंधरा मिनिटांची, उदास छटेच्या सी मायनरमधली. अधूनमधून तिच्यावर उजळ अशा ई फ्लॅट मेजरचं ऊन पडतं. संगीताच्या ॲपमध्ये अशा रचनेपुढे बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके, याचा) एकच आकडा दिसला तर त्यावर विसंबू नका. सुरुवातीला ठेकाच नाही. हँकॉक चार सूर ठेवतो, डेव्हिस मूळ चाल नुसती सुचवून सोडून देतो, ड्रम्स गप्प. मग हळूच लय उभी राहते, पुढे तीच दुगुनीत गेल्यासारखी वाटते. हा सगळा प्रवास एका आकड्यात बसवायचा कसा? स्थिर ठेक्याच्या रचनेतही मोजणारी यंत्रं कधी निम्मी लय सांगतात, कधी दुप्पट.

ॲपमधलं मूडचं लेबल तर आणखी फसवं. संथ म्हणजे शांत, झोपताना लावायचं, असा समज असेल तर हा अल्बम तुमच्यासाठी नाही. इथे ताण आहे. 'स्टेला बाय स्टारलाइट'मध्ये डेव्हिसच्या एका सुरावर श्रोत्यांतून कुणीतरी न राहवून ओरडतं. ती आरोळी ध्वनिमुद्रणात तशीच राहिली आहे, आणि मला ती कुठल्याही परीक्षणापेक्षा खरी वाटते. मैफल मिसिसिपी आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मदतीसाठी होती. वादकांना मानधन नव्हतं, त्यावरून आत कुरबुरही झाली होती. ती धग वादनात उतरली, असं मानणारे बरेच आहेत. मला ती द्रुत अल्बमपेक्षा संथ अल्बममध्ये जास्त जाणवते.

तर कुणी काय घ्यावं? ड्रम्सवर जीव असेल, किंवा चालता-बोलता ऐकायचं असेल, तर 'फोर अँड मोअर'. पहिल्या मिनिटातच पकडतो. पण त्याचा एक दोष सांगायलाच हवा: सलग ऐकताना लय इतकी सारखीच चढी राहते की उत्तरार्धात कान थकतात. कोलमनचं सुबक, नेटकं वादन त्या धावपळीत अनेकांच्या नजरेतूनच सुटतं.

मी स्वतः आधी 'व्हॅलेंटाइन' सुचवतो. पाचच रचना, तासाभराचा ऐवज. शेवटच्या टप्प्यात सहा मात्रांच्या झुल्यावरचं 'ऑल ब्लूज' येतं, तिथे थोडा श्वासही मिळतो. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ठेका सुटलेल्या जागी सगळी इमारत कार्टरच्या बासवर उभी असते आणि त्या स्पीकरवर नेमका तोच ऐकू येत नाही.

दोन तास हाताशी असतील तर निवडायची गरजच नाही. १९९२ मध्ये दोन्ही अल्बम दोन सीडींच्या एका संचात एकत्र निघाले आहेत.