किडनीच्या रुग्णाचं पोट साफ होत नसेल तर इसबगोल, लॅक्ट्युलोज की चूर्ण?

किडनी निकामी होत जाते तसं लघवीतून न जाणारं पोटॅशियम थोडंफार मोठ्या आतड्यातून बाहेर पडू लागतं. त्यामुळे शौचाला झालं नाही की पोटॅशियमही अडतं. पाणी मोजून प्यायचं, फळं-भाज्या कमी, त्यात फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या आणि लोह. बद्धकोष्ठ व्हायला आणखी काय हवं?

इसबगोल घरोघरी असतं, पण चमचाभर भुशाला ग्लासभर, म्हणजे 200 ते 250 मिली पाणी लागतं. दिवसाला लिटरभरच पाणी चालत असेल तर चौथा हिस्सा तिथेच संपतो. कमी पाण्यात घेतलं तर भुसा आतड्यात फुगून त्याचाच गोळा अडकतो. पाण्याचं बंधन नसेल तरच ते घ्यावं.

लॅक्ट्युलोजचं गोड सिरप साधारण 15 ते 30 मिली, रात्री. गुण यायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून डोस वाढवू नका. नंतर जुलाब लागून अंगातलं पाणी जातं आणि उरलीसुरली किडनीही दुखावते. गॅस मात्र होतो. तो सोसवत नसेल तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी: 17 ग्रॅम, 120 ते 240 मिली पाण्यात, आणि हे पाणी दिवसाच्या हिशोबात धरायचं. पावडर क्षार नसलेलीच मागा. काही पाकिटांत सोडियम-पोटॅशियम घातलेलं असतं. पाणी मोजून पिणाऱ्याने सुरुवात लॅक्ट्युलोजने करावी, असं आमचं मत. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

बिसॅकोडिलची 5 मिलिग्रॅमची गोळी अडल्या वेळेला. रात्री घेतली की 6 ते 12 तासांत काम होतं. दूध किंवा अँटासिड तासभर आधी-नंतर नको, नाहीतर गोळीचं आवरण जठरातच विरघळून पोटात कळा येतात. फॉस्फरससाठी घेतात ते कॅल्शियम कार्बोनेटही अँटासिडच, हे लक्षातच येत नाही.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं पांढरं दुधी औषध टाळाच. साठलेल्या मॅग्नेशियमने स्नायू ढिले पडतात, रक्तदाब आणि नाडी उतरते. सोडियम फॉस्फेटचा एनिमाही नको. चूर्णांत बहुधा सोनामुखी असते, काहींत सैंधव किंवा काळं मीठ. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

पोटाचं डायलिसिस चालू असेल तर दोन दिवसही थांबू नका. भरलेल्या आतड्याने नळी दबते किंवा सरकते आणि आत सोडलेलं द्रावण पुरतं बाहेर येत नाही.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, अशा वेळी कुठलंच रेचक न देता थेट रुग्णालय गाठा.