वाकेन: पिकतं अमेरिकेत, विकतं युरोपात

आधी पैशाचं बोलू. वाकेन ओपन एअर म्हणजे उत्तर जर्मनीतला हेवी मेटल संगीताचा महोत्सव. त्याचं 2024 चं तिकीट होतं 333 युरो. त्यात सगळ्या दिवसांचे कार्यक्रम आणि तंबू ठोकायला शेतात जागा, खाणंपिणं वेगळं. महाग वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग न्यू जर्सीतल्या अकरा वर्षांत उघड्या अँफिथिएटरांवर मी किती डॉलर उधळले ते एकदा कागदावर मांडलं आणि गप्प बसले.

तिथला शेवटचा अनुभव सांगते, म्हणजे तुलना कशाशी चाललीय ते कळेल. जागेचं नाव नको. मागच्या हिरवळीवरचं सगळ्यात स्वस्त तिकीट, त्यावर सेवाशुल्क, त्यावर आणखी कसलंसं शुल्क, वर पार्किंग. मी गेले होते एका फिनिश बँडसाठी आणि तो सगळ्यात आधी वाजवणार होता. कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला! गाड्यांच्या रांगेतून सुटून आत पोचले तेव्हा त्यांची दोन गाणी उरली होती. मंचासमोर जमिनीत पक्क्या ठोकलेल्या खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. ज्यांच्या होत्या ती मंडळी अजून गाडीच्या डिकीशी बिअर पीत उभी. आलेली माणसं शेवटच्या मोठ्या नावासाठी आली होती. बाकीचे बँड म्हणजे जेवणाआधीचं लोणचं.

आता हँबुर्गात नोकरी आहे. वाकेनचं तिकीट मला मिळालं ते ऑफिसातल्या हिशेबनिसांमुळे. वय 58, रोज इस्त्रीचा शर्ट, कँटीनमध्ये कुणाशी जास्त बोलणं नाही. त्यांच्या मुलीचा पाय मोडला म्हणून एक तिकीट उरलं होतं. ते त्यांनी वर्षभर आधीच काढलेलं. 2024 ची तिकिटं विक्री सुरू झाल्यावर काही तासांतच संपली होती. तेव्हा मोजक्याच बँडची नावं जाहीर झालेली असतात. मी विचारलं, "कोण वाजवणार हे माहीत नसताना तिकीट काढता?" ते म्हणाले, "कोणीतरी वाजवेलच की."

मला वाटतं, दोन खंडांतला फरक या एका उत्तरात आहे. अमेरिकेत माणूस बँड विकत घेतो. इथे तो आठवडा विकत घेतो.

वाकेन हे श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. हँबुर्गहून इट्सेहोपर्यंत रेल्वे, तिथून बस. 1990 साली टोमास येन्सन आणि होल्गर ह्युब्नर या दोन पोरांनी तिथल्या एका खाणीच्या खड्ड्यात पहिला कार्यक्रम केला: सहा जर्मन बँड आणि आठशेच्या आसपास माणसं. आता 85,000 येतात. हा आकडा वाचून काही कळत नाही. बसमधून उतरल्यावर गावातल्या रस्त्यावर कळतं. काळ्या टीशर्टांचा लोंढा चाललाय आणि दोन्ही बाजूंना गावकऱ्यांनी घरासमोर टेबलं मांडलीत. सत्तरीच्या एक आजी अंगणात कॉफी आणि अंड्याचे पाव विकत होत्या. समोर उभा होता हाडांचा सापळा छापलेला टीशर्ट घातलेला, सव्वासहा फुटी माणूस, आणि आजी त्याला दटावत होत्या की सुट्टे दे. शाळकरी पोरं हातगाडीवरून लोकांचं सामान ओढून पैसे कमवत होती.

सुरुवात करतो गावच्या अग्निशमन दलाचा बँड. पितळी वाद्यं, पोट सुटलेले काका, आणि समोर हजारो माणसं हात वर करून नाचतायत. त्यातला ट्यूबावाला गालांचे फुगे करून वाजवत होता आणि दोन गाण्यांच्या मधे कपाळ पुसायला रुमाल शोधत होता. मला तो त्या रात्रीच्या कुठल्याही गिटारवाल्याइतकाच आठवतो. उत्सवाच्या दिवसांत गावच्या चर्चमध्येही मेटलचा कार्यक्रम होतो. हे ऐकून मी हसले, कारण न्यू जर्सीतल्या शेजारीणबाईंनी माझा टीशर्ट बघून मनापासून विचारलं होतं, "तुझ्यासाठी प्रार्थना करू का?" त्यांचाही दोष नाही. 1985 साली अमेरिकन सिनेटमध्ये गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. 1990 मध्ये नेवाडातल्या रीनो इथे ज्यूडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडवर, त्यांच्या गाण्यातल्या कथित छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा खटला चालला. खटला बँडने जिंकला, पण भीती मागे राहिली.

मेटलला अमेरिकेपेक्षा युरोपात जास्त माया का, यावर तंबूत रात्री दोन वाजता हिशेबनीस आणि मी वाद घालत बसलो. इस्त्रीचा शर्ट गेला होता, अंगात बँडच्या नावांचे कापडी पॅच शिवलेली डेनिमची बंडी होती. जर्मनमध्ये तिला 'कुटं' म्हणतात, मला दर वेळी 'कुठं' ऐकू येतं. पाठीवर सगळ्यात मोठा पॅच मॅनोवॉरचा. हा बँड न्यू यॉर्क राज्यातल्या ऑबर्नचा. त्या राज्याच्या शेजारी मी अकरा वर्षं राहिले, तिथे एकाच्याही अंगावर हा पॅच दिसला नाही. इथे पाणी भरायच्या रांगेत मी सात मोजले.

त्यांचं म्हणणं, अमेरिकेने 1991 नंतर सिएटलच्या ग्रंज या नव्या रॉक प्रकारासाठी मेटल जुन्या कपड्यांसारखं टाकून दिलं. एमटीव्हीने तिकडचा 'हेडबँगर्स बॉल' हा मेटलचा कार्यक्रम 1995 मध्ये बंद केला. जर्मनीत मात्र 'रॉक हार्ड' हे मासिक 1983 पासून आणि 'मेटल हॅमर' 1984 पासून निघतंय ते आजपर्यंत. फॅशन गेली तरी वाचणारे राहिले.

मला हे अर्धंच पटलं. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या 1991 च्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत 1 कोटी 60 लाखांवर प्रती खपल्या. ग्रंज ऐन भरात असताना, 1994 मध्ये, पँटेराचा अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर आला. डिस्टर्ब्डचे 2002 ते 2015 या काळात लागोपाठ पाच अल्बम पहिल्या क्रमांकावर. ऐकणारे कमी नाहीत हो तिकडे! पण मेटालिका ऐकणारा मेटालिकाच ऐकतो, तिथून पुढे जायला वाट नाही. इथे वाट म्हणजे हे शेत. तुम्ही कॉर्न या मोठ्या अमेरिकन बँडसाठी आलात तरी दुपारी झोप येत नाही म्हणून भलत्याच मंचापाशी जाता आणि नाव न ऐकलेल्या बँडचा टीशर्ट घेऊन परतता. (माझा 30 युरोंचा. अंगात घट्ट होतो.)

आणि रजा. हा मुद्दा मी मांडला आणि हिशेबनीस पहिल्यांदा गप्प झाले. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात असा एकही दिवस नाही. मला दहा मिळायच्या, त्या मायदेशी जाण्यातच संपायच्या. चिखलात चार दिवस काढायला आधी चार दिवस हवेत ना!

अंतरही आहेच. युरोपातला लहान बँड व्हॅनमध्ये बसून एकाच उन्हाळ्यात बेल्जियममधल्या डेसेलचा ग्रासपॉप, फ्रान्समधल्या क्लिसाँचा हेलफेस्ट आणि इथलं वाकेन असे तीन महोत्सव करू शकतो. त्याच बँडला अमेरिकेत न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला जायचं तर साडेचार हजार किलोमीटर रस्ता, आणि त्याआधी व्हिसा. कलाकारांच्या पी व्हिसाच्या अर्जाचं शुल्क एप्रिल 2024 मध्ये 460 डॉलरवरून 1,015 वर गेलं. माझे फिनिश बिचारे साडेपाचला रिकाम्या खुर्च्यांसमोर का वाजवत होते, ते मला तंबूत कळलं.

सगळ्यात गंमत चौघांची. मेटालिका, स्लेअर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स, थ्रॅश या वेगवान मेटल प्रकाराचे चार खांब, चारही अमेरिकन. ते पहिल्यांदा एकाच कार्यक्रमात वाजले 16 जून 2010 ला, वॉर्सॉत. त्यांच्या स्वतःच्या देशाला एप्रिल 2011 पर्यंत थांबावं लागलं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे वाचून खट्टू होऊ नये. अटलांटात 2002 पासून प्रोगपॉवर यूएसए हा मेटल महोत्सव होतो, छपराखाली, लहान आणि जिव्हाळ्याचा. युरोपातले बँड जवळून बघायला त्यासारखी जागा नाही. बाल्टिमोरचा मेरीलँड डेथफेस्ट कानांना जड आहे, पण अस्सल.

तारे द्यायचेच तर साडेचार. अर्धा माझ्या उंचीमुळे कापला: पाच फूट एक इंच. स्कॉर्पिअन्स या जर्मन बँडचा अर्धा कार्यक्रम मी एका डॅनिश माणसाच्या पाठीवर छापलेल्या दौऱ्याच्या तारखा वाचत काढला. शेवटी हिशेबनिसांनी खांद्यावर बसायला सांगितलं. सोमवारी त्याच माणसाकडून प्रवासखर्च मंजूर करून घ्यायचा होता, म्हणून नको म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी: गमबूट न्याच, आभाळ निळं असलं तरी. 2023 मध्ये पावसाने इतका चिखल झाला की सुमारे 50,000 माणसं आत आल्यावर प्रवेश थांबवावा लागला होता. कानाचे बोळे न्या. आणि तंबू स्वतःचा न्या. मी एका कंपनीकडून भाड्याने घेतला, त्याची चेन पहिल्याच रात्री निघाली. चारही दिवस दार सुरक्षापिनांनी बंद केलं. परत आल्या आल्या मेल पाठवला. त्यांचं उत्तर आलं की चेन 'वापराने झिजली' आहे. वापर किती झाला म्हणून विचारलंय. बघू.