एक खुंटी ठोकायची होती: परसातली शेड लोखंडी की लाकडी?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घरामागे 10 बाय 12 फुटांची जागा आहे, हत्यारं ठेवायला आणि रविवारी खुडबुड करायला आडोसा हवा आहे. मग फॅब्रिकेटरला सांगून लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची शेड करून घ्यावी, की तुझ्यासारखी लाकडाची आपली आपण उभी करावी?

दोन्हींत मी काम केलं आहे. पहिली लोखंडी, बहिणीच्या बंगल्यामागे; तिथे चार पावसाळे काढले. दुसरी लाकडी, पुण्याजवळ किरकटवाडीत माझ्याच परसात. तिचा हा पाचवा पावसाळा. त्यामुळे माझं मत तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण लोखंडावर अन्याय होणार नाही एवढी काळजी घेतो.

लोखंडाचं श्रेय आधी देऊन टाकतो. काम दोन दिवसांत संपलं. शनिवारी सकाळी टेम्पोतून दोन इंची चौकोनी पाइप उतरले, वीस फुटी, दहा नग. रविवारी संध्याकाळी मी आत झाडू मारत होतो. दोन मिलिमीटर जाडीचा असा एक पाइप साधारण 18 किलो भरतो, म्हणजे अख्खा सांगाडा 180 किलोच्या आसपास. माल किलोवर असतो, काट्यावर समोर दिसतो, वाद उरत नाही. मला फक्त चहा पाजायचा होता आणि ‘दार इकडे नको, तिकडे’ एवढं म्हणायचं होतं.

लाकडी शेडला मला सात शनिवार-रविवार लागले. त्यातला एक पूर्ण रविवार तर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) न लावता उभी केलेली भिंत खाली उतरवण्यात गेला. आणि खरेदी म्हणजे एक वेगळंच शास्त्र. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पहिल्यांदा गेलात तर वखारीतला माणूस घनफुटाचा भाव सांगतो आणि आपण मान डोलावतो. हिशोब घरूनच करून जा. तीन बाय दोन इंचाची आठ फुटी पट्टी म्हणजे तीन गुणिले दोन गुणिले आठ, भागिले 144, घनफुटाचा बरोबर तिसरा हिस्सा. 10 बाय 12च्या शेडला दोन-दोन फुटांवर उभे दांडे, कोपऱ्यांना आणि दाराला जादा धरून 28 लागले. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या आणि चार बाय दोनचे सात वासे धरून आकडा 18 घनफुटांवर गेला. मी 20 घेतलं. उरलेल्या तुकड्यांचं एक स्टूल झालं. दोन फुटांचं अंतर मनाने ठरवलेलं नाही. प्लायवूड आणि सिमेंट बोर्ड आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतात, म्हणून सांधा आपोआप दांड्यावर येतो.

लाकूड कुठलं, यावर वखारीत उभं राहून तासभर वाद घालता येतो. बाहेरून येणारं पाइन सरळ, हलकं आणि करवतीला लोण्यासारखं. पण वाळवीलाही ते तसंच लागतं. पेठांमधले वाडे पाडताना निघालेलं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त त्यात जुने खिळे मुरलेले असतात आणि एका खिळ्यात करवतीचे दात जातात. लोहचुंबक फिरवून पाहिल्याशिवाय कापू नका. मी शेवटी उभे दांडे पाइनचे आणि जोत्यावर बसणारी खालची पट्टी जुन्या सागाची, अशी तडजोड केली. कंपन्यांच्या पॅकिंगमधलं लाकूड स्वस्त पडतं, त्याबद्दल एकच सांगतो. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते भट्टीत तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते मी तरी घरी आणणार नाही.

आता ज्या एका गोष्टीपायी मी लोखंड सोडलं, ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

मला करवत टांगायची होती. एक खुंटी, बस्स. लाकडी घरात खिळा घ्यायचा, दोन हातोड्या, झालं. लोखंडी शेडमध्ये मी करवत हातात धरून भिंतीकडे बघत उभा होतो. उभे पाइप पाच-पाच फुटांवर, मला हव्या त्या जागी फक्त पत्रा. पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर. त्यात स्क्रू मारला तर तो वजन धरत नाही आणि वर भोकातून पाऊस आत येतो. पाइपातच मारावा म्हणून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणले. ते बसतात, नाही असं नाही. पण ड्रिलमधून निघणारा लोखंडाचा बारीक चुरा फरशीवर पडतो, रात्रीत दव धरतो आणि सकाळी तिथे गंजाचे ठिपके उमटलेले असतात. तिथल्या पांढऱ्या फरशीवरचे ते ठिपके आजही आहेत.

खुंटीचं एक वेळ जमलं. पुढे फळी हवी झाली. फळीला ब्रॅकेट, ब्रॅकेटला वेल्डिंग. वेल्डरला फोन केला, ‘रविवारी येतो साहेब.’ तीन रविवार गेले. त्याचं तरी काय चुकलं? दोन टाक्यांसाठी मशीन स्कूटरवर बांधून कोण येणार? चौथ्या रविवारी आला, पाच मिनिटांत काम केलं आणि गेला. टाका मारला त्याच्या आजूबाजूला बोटभर रंग जळाला होता. मी गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावलं, वरून रंग दिला. पाइपाची मागची बाजू पत्र्याला चिकटलेली, तिथे ब्रश पोचत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागेवरून गंजाचा एक तांबडा ओघळ खाली आला, अगदी वीतभर.

आणि कामाची जागा म्हणजे पहिल्या दिवशी ठरवून होत नाही, हो. सहा महिने काम केल्यावर कळतं, की रंधा उजव्या हाताशी हवा, पटाश्या खिडकीखाली हव्यात, ओळंबा आणि गुण्या दाराजवळ बरे. दर महिन्याला काहीतरी हलतं. लोखंडी शेडमध्ये मी हलवणंच सोडून दिलं. वस्तू जमिनीवर रचल्या, मग त्यांच्यावर दुसऱ्या, आणि दोन वर्षांत शेडची अडगळीची खोली झाली. लाकडी शेडच्या एका भिंतीवर आज मोजून 41 खिळे आणि खुंट्या आहेत. निम्म्या चुकीच्या जागी आहेत. उपटायच्या आणि दुसरीकडे मारायच्या.

उन्हाचं मात्र थोडं जपून बोलतो, कारण माझ्याकडे मोजमाप नाही. एप्रिलमध्ये लोखंडी शेडमध्ये मी साडेअकरानंतर टिकत नसे. लाकडीत दुपारी दोनपर्यंत पंख्यावर चालतं, मग मीही जेवून आडवा होतो. हे सगळं श्रेय लाकडाचं नाही. इथेही वर पत्राच आहे, फक्त त्याच्याखाली रिपा (बारीक लाकडी पट्ट्या), मध्ये चार बोटं हवा आणि मग प्लाय. लोखंडी सांगाड्यातही खालून प्लाय लावता येईल. पण लावायचा कशावर? त्यासाठी पुन्हा आत लाकडी पट्ट्या ठोकाव्या लागतात, आणि मग मूळ प्रश्नच परत येतो.

त्या प्लायचा दुसरा फायदा मला थंडीत कळला. डिसेंबरातल्या पहाटे नुसत्या पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब नेमके रंध्याच्या पात्यावर पडतात. लाकडीत हे बंद झालं.

आता लाकडाच्या दुखण्याकडे येतो: वाळवी. पुण्याच्या मातीत ती आहे, तुमच्या परसातही असणार असं धरून चाला. ती जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते, म्हणून सगळा खेळ लाकूड आणि माती यांच्यातल्या अंतराचा आहे. जुन्या वाड्यांच्या सुतारांना हे चांगलं ठाऊक होतं. विश्रामबाग वाड्यासारख्या वास्तूत खांबांच्या पायाशी वाकून बघा. लाकूड जमिनीला टेकत नाही, मध्ये दगडाचा तळखडा असतो. मी फूटभर उंचीचं जोतं बांधलं, त्यावर ओल अडवायला टारफेल्ट (डांबरी कागद) आणि मग सागाची पट्टी. बांधण्याआधी मातीला औषध मारून घेतलं (त्याच्या पद्धतीसाठी आयएस 6313 हे भारतीय मानक आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला त्या नावाने विचारा). सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट मात्र फुकटातली होती: जोत्याला बाहेरून पांढरा चुना. दर रविवारी चहाचा कप घेऊन शेडभोवती एक चक्कर मारतो. पांढऱ्यावर तपकिरी रेघ लगेच दिसते. पाच वर्षांत दोनदा दिसली, दोन्हीदा पट्टीच्या खालीच होती. जोत्याला टेकून विटा, कुंड्या किंवा पाला साठवलात तर मात्र ती रेघ दिसणार नाही, आणि मग माझ्या नावाने खडे फोडू नका.

ज्याला ही रविवारची चक्कर जमणार नाही त्याने लोखंड घ्यावं. हे मी मनापासून सांगतो.

आगीचं भय लाकडाला जास्त, हे पुणेकराला पुस्तकात वाचावं लागत नाही. 1828च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले गेले, दगडी जोती तेवढी राहिली. शेडमध्ये वायरिंग कॉन्ड्यूटच्या नळीतून घ्या, भुसा रोज झाडा, आणि अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. तेलावरून आठवलं, बाहेरच्या बाजूला मी पहिल्या वर्षी हौसेने अळशीचं तेलच दिलं होतं. ऑगस्टपर्यंत भिंतीवर काळी बुरशी धरली. दुसऱ्या वर्षी ते घासून काढून बाहेरच्या लाकडासाठी असलेला वूड स्टेन लावला, तेव्हापासून ठीक आहे. पण हा रंग दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

वाऱ्याचं थोडक्यात: लाकडी शेडही हलकीच असते, वळवाच्या पावसाआधीचं वावटळ तिला उचलायला बघतं. खालची पट्टी जोत्यात अँकर बोल्टने आवळा आणि प्रत्येक वासा भिंतीला लोखंडी पट्टीने बांधा. इथे लोखंडाचे उपकार मी आनंदाने घेतो.

दाराने मला चांगलाच धडा दिला. एप्रिलमध्ये बनवलं, चौकटीत अगदी नेमकं बसवलं, बायकोला बोलावून दाखवलं. जुलैत ते उघडेना. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, हे मला माहीत होतं. तरीही चिडून रंधा घेतला आणि कड तासली. डिसेंबरात त्याच फटीतून पाल ये-जा करू लागली. तुमचं दार पावसाळ्यात अडलं तर दसऱ्यापर्यंत खांद्याने ढकलून काढा. लोखंडी दाराला हा त्रास नाही, ते फक्त करकरतं.

पैशांचं विचाराल तर माझ्या वहीनुसार दोन्ही शेड सामानात फारशा दूर नव्हत्या, लाकडी थोडी महाग. लोखंडीत मजुरी वेगळी गेली, लाकडीत माझे सात आठवडे गेले. त्या आठवड्यांना खर्च म्हणायचं की करमणूक, हे ज्याचं त्याने ठरवावं. घरच्यांचं मत वेगळं असू शकतं.

मुळशी किंवा वेल्ह्याकडच्या प्लॉटवर, जिथे तुम्ही महिन्यातून एकदा जाणार, पाऊस धो धो आणि कुलपाची काळजी, तिथे लोखंडच बरं. नुसत्या सायकली आणि कुंड्या ठेवायच्या असतील तरीही. पण आत उभं राहून काम करायचं असेल, भिंतीवर हात फिरवत जागा शोधायची सवय असेल, तर एकदा लाकडाचा हिशोब वहीत मांडून बघा, एवढंच.

जुनी लोखंडी शेड अजून ठणठणीत उभी आहे. मेहुणे तिथे स्कूटर लावतात. त्यांचा परवा फोन आला होता. हेल्मेट टांगायला एक हुक हवा आहे, त्या वेल्डरचा नंबर आहे का, विचारत होते.