ट्रे की पॅन? मेडिटरेनियन चिकन आणि भाज्या झटपट करायच्या दोन वाटा

चिकन, ढोबळी मिरची, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी), टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि ओरेगॅनो. एवढं सामान ओट्यावर मांडलं की मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या धाटणीचं जेवण जवळपास ठरलेलंच असतं. मग प्रश्न उरतो: सगळं ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये सारायचं, की गॅसवर पॅन तापवून परतायला घ्यायचं? मी दोन्ही वर्षानुवर्षं करते आहे आणि दोन्ही सारखंच, असं मला अजिबात वाटत नाही. चव वेगळी येते, वेळ वेगळ्या तऱ्हेने जातो आणि एकीकडे उत्तम होणारी भाजी दुसरीकडे बिघडते.

दोन्ही वाटा त्या प्रदेशातल्याच आहेत. ग्रीसमध्ये लिंबू-ओरेगॅनो लावलेलं चिकन बटाट्यांसोबत ओव्हनमध्ये भाजतात, आणि तिथलाच ‘तिगानिया’ म्हणजे पॅनमध्ये खरपूस परतून वर लिंबू पिळलेले मांसाचे छोटे तुकडे. तुर्कस्तानातलं ‘तावुक सोते’ हे चिकन, मिरच्या आणि टोमॅटो एकत्र परतून केलेलं रोजचं जेवण. तेव्हा कुठली वाट जास्त अस्सल, या विचारात अडकू नका. निवड करायची ती आपल्या संध्याकाळकडे आणि टोपलीतल्या भाज्यांकडे बघून.

सगळा खेळ पाण्याचा

झुकिनी आणि टोमॅटो यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि कच्च्या चिकनचाही सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. खरपूस रंग आणि तो भाजल्याचा वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे धरायला लागतो. म्हणून सुटलेलं पाणी कुठे जातं आणि किती लवकर जातं, यावर जेवण भाजलेलं होतं की उकडलेलं, हे ठरतं.

ओव्हनमध्ये ट्रे उघडा आणि पसरट असतो, चहूबाजूंनी कोरडी गरम हवा फिरते आणि वाफ उडून जाते. अट एकच: तुकड्यांमध्ये जागा हवी. माझा पहिला ट्रे आठवतो. दोन वांगी, दोन झुकिनी, तीन मिरच्या, सगळं चिकन, एकावर एक रचलेलं. अर्ध्या तासाने काढला तर चिकन फिकट, वांगं स्पंजासारखं आणि तळाशी बोटभर पाणी. चव वाईट नव्हती, पण भाजल्याचा मागमूसही नव्हता. तेव्हापासून मी हाताचा अंदाज ठरवून टाकला आहे: ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये ५०० ग्रॅम चिकन आणि फार तर ८०० ग्रॅम भाज्या, एकाच थरात. छोटा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) असेल तर माप निम्मं करा. दोन ट्रे एकावर एक घातले तर वरचा करपतो आणि खालचा रडतो, निदान मध्ये जागांची अदलाबदल तरी करावी लागते.

पॅनमध्ये पाणी उडवायची जबाबदारी आपल्यावर असते. आच मोठी हवी, बूड जाड हवं आणि चिकन दोन हप्त्यांत टाकायला हवं. २८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त टाकलं की चुरचुर आवाज मंदावतो आणि बुडबुडे दिसायला लागतात. तो आवाज ऐकायची सवय लावा. चुरचुरतंय म्हणजे भाजतंय, खदखदतंय म्हणजे उकडतंय.

पॅनचं एक देणं मात्र ओव्हन देऊ शकत नाही. चिकन काढून घेतल्यावर बुडाला जो तपकिरी थर चिकटलेला असतो, त्यात सगळी चव साठलेली असते. त्यावर चिरलेले टोमॅटो टाकले, किंवा लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडलं, की तो थर विरघळून दाट रस तयार होतो. मला पॅनची वाट आवडते ती मुख्यतः या रसासाठी. नॉनस्टिकमध्ये हा थर नीट धरत नाही, तेव्हा स्टीलचं पॅन घ्या. बिडाचं किंवा लोखंडी भांडं चिकनला छान, पण टोमॅटो-लिंबाच्या आंबटपणाने त्याचा मुरलेला लेप निघतो आणि रसाला धातूची चव येते.

झटपट म्हणजे नेमकं काय?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ओव्हन २२० अंशांना तापायला १५ मिनिटं, त्यातच चिराचिरी उरकते. भाजायला २५ ते ३० मिनिटं. बाहेर काढून ५ मिनिटं तसंच ठेवायचं. म्हणजे एकूण पाऊण तास, पण त्यात हात गुंतलेले असतात फक्त पंधरा मिनिटं. पॅनला चिरायला १५ आणि परतायला २० मिनिटं लागतात. घड्याळात पॅन दहा मिनिटांनी जिंकतो, पण ती वीस मिनिटं तुम्ही गॅससमोरून हलू शकत नाही. घरी मूल अभ्यासाला बसलं असेल, फोन वाजत असेल, आंघोळ राहिली असेल, तर मी न डगमगता ट्रे सांगेन. पोटात कावळे ओरडत असतील आणि माणसं दोनच असतील तर पॅन.

चिकनचा कुठला भाग?

माझ्या मते ट्रे की पॅन यापेक्षाही हा निर्णय मोठा आहे.

आतलं तापमान ७४ अंशांना पोचलं की चिकन खायला सुरक्षित. ब्रेस्टमध्ये चरबी थोडी असते, त्यामुळे ७४ ओलांडून पुढे गेलं की ते झपाट्याने कोरडं पडतं. मांडीच्या मांसात चरबी आणि कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) दोन्ही जास्त. ते ८० ते ८५ अंशांपर्यंत गेलं तर उलट जास्त मऊ होतं, कारण कोलॅजनचं जिलेटिन होतं. ओव्हनमध्ये आपलं लक्ष नसतं, पाच मिनिटं इकडेतिकडे होतातच. म्हणून ट्रेसाठी बिनहाडांची मांडी. २२० अंशांवर अख्खे तुकडे २२ ते २५ मिनिटांत होतात. हाडासकट मांडीला ३५ ते ४० मिनिटं लागतात. चव सुरेख येते, पण झटपट या शब्दात ती बसत नाही.

ब्रेस्टच हवं असेल तर पॅन घ्या. तिथे प्रत्येक तुकडा डोळ्यांसमोर असतो. तीन सेंटिमीटरच्या फोडी करा, पेपरने कोरड्या टिपा, तेल तापून हलकी लहर दिसायला लागली की टाका आणि तीन मिनिटं हात लावू नका. हा संयम सगळ्यात अवघड. तुकडा तयार झाला की आपणच बूड सोडतो; ओढून काढावा लागत असेल तर तो अजून तयार नाही. उलटवून दोन मिनिटं, मग ताटात काढून ठेवा. आतून थोडा कच्चा राहिला तरी चालेल, नंतर रसात परत तीन-चार मिनिटं जाणारच आहे. मात्र वाढण्याआधी एक जाड फोड कापून बघा किंवा थर्मामीटर टोचा. कच्चं चिकन ठेवलेलं ताट धुतल्याशिवाय त्यात शिजलेलं काढू नका, आणि चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

मीठ दोन्हीकडे सारखंच: ५०० ग्रॅम चिकनला सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. ऑलिव्ह आणि फेटा (खारट ग्रीक चीज) घालणार असाल तर भाज्यांना मीठ हात राखून. लिंबाच्या रसात चिकन तासन्‌तास मुरवत ठेवायची गरज नाही. आंबटपणाने वरचा थर पिठूळ होतो. छोट्या तुकड्यांना अर्धा तास पुरे, आणि मी तर आधी फक्त लिंबाची किसलेली साल, तेल आणि ओरेगॅनो लावते. रस शेवटी, आचेवरून उतरवल्यावर.

कुठली भाजी कुठे?

वांगं नि:संशय ओव्हनचं. पॅनमध्ये ते तेल पिऊन बसतं. आणखी घालावं तर तेही पितं. ट्रेमध्ये दोन मोठे चमचे तेल चोळून पसरलं तर आतून लोण्यासारखं आणि कडेने तपकिरी होतं. फक्त ते चिकनच्या आधी दहा मिनिटं आत जायला हवं. छोटे चेरी टोमॅटोही ओव्हनमध्ये फुटून गोड होतात आणि त्यांचा रस ट्रेभर पसरतो. शिजवलेले काबुली चणे घरात असतील तर मूठभर कोरडे करून ट्रेच्या कडेला टाका, कुरकुरीत होतात. बटाट्याचा मोह या झटपट जेवणात टाळा. दोन सेंटिमीटरच्या फोडींनाही ३५ मिनिटांच्या खाली चालत नाही.

झुकिनीचं उलटं. मला ती पॅनमध्येच आवडते. बोटभर जाड चकत्या, मोठी आच, प्रत्येक बाजू दोन मिनिटं. कडा भाजलेल्या आणि मध्ये थोडा करकरीतपणा. ओव्हनमध्ये २५ मिनिटं राहिली की ती मलूल पडते. पालक तर पॅनशिवाय शक्यच नाही. ढोबळी मिरची आणि कांदा दोन्हीकडे सुखाने नांदतात.

टोमॅटो आणि ढोबळी मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. १४९२ नंतरच त्या भूमध्य समुद्राकाठी पोचल्या. लिंबू, लसूण आणि ऑलिव्ह तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यामुळे टोमॅटो संपला असेल तर बेत रद्द करू नका. लसूण, लिंबू आणि चांगलं ऑलिव्ह तेल असलं की जेवण उभं राहतं.

लसणाची गोष्ट मात्र सांभाळा. २२० अंशांवर बारीक चिरलेला लसूण दहा मिनिटांत काळा आणि कडू होतो. ट्रेमध्ये पाकळ्या सालीसकट टाका. भाजल्यावर दाबल्या की आतून पेस्टसारखा गोडसर लसूण निघतो. पॅनमध्ये काप करून भाज्यांनंतर घाला, अर्धं मिनिट परता आणि लगेच टोमॅटो. सुकं ओरेगॅनो, थाईम, रोझमेरी सुरुवातीलाच तेलात. ताजी पार्सली नि बेसिल वाढताना. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल तापवू नये, असं पुष्कळजण सांगतात. ते साधारण १९० ते २१० अंशांपर्यंत धूर धरत नाही, आणि घरगुती परतणं त्याच्या आत सहज बसतं. धूर दिसला तर आच कमी करा.

ताटातलं प्रमाण आणि उरलेलं

मेडिटरेनियन आहाराचं नाव युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० साली स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्कोकडून गेलं. २०१३ साली सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल त्यात सामील झाले. त्या आहाराचा कणा म्हणजे भाज्या, धान्यं, कडधान्यं आणि ऑलिव्ह तेल, मांस बेतानं. म्हणून चिकनपेक्षा भाज्या जास्त, हे प्रमाण मी सोडत नाही. आणि खरं सांगायचं तर इथे ट्रे बाजी मारतो, कारण त्यात भरपूर भाज्या एकदमच होतात. पॅनमध्ये तेवढ्या भाज्यांसाठी तिसरा हप्ता लावावा लागतो, आणि दमलेला माणूस तिथेच भाज्या कमी करतो.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार दिवस टिकतं. ट्रेमधलं दुसऱ्या दिवशी गार खायला छान, सॅलडमध्ये किंवा ब्रेडमध्ये भरून. पुन्हा गरम केलं की कोरडं पडतं. पॅनमधलं रसामुळे गरम करायला सोपं, उलट मुरून आणखी चविष्ट लागतं. डबा न्यायचा असेल आणि तिकडे मायक्रोवेव्ह असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरावा.

ओव्हन नसेल तर मन खट्टू करायचं कारण नाही. पॅनने सुरुवात करा आणि वांगं टाळा. एअर फ्रायर असेल तर तो पंख्याचा छोटा ओव्हनच समजा: तापमान २०० वर, माणसं दोन, आणि भाज्या-चिकन वेगवेगळ्या फेऱ्यांत.

आणि ओव्हन नि पॅन दोन्ही घरात असतील, माणसं चार असतील, तर मी काय करते? ट्रे. मांडीचे तुकडे, वांगं, लाल ढोबळी मिरची, चेरी टोमॅटो, कांद्याच्या जाड फोडी, सालीसकट लसूण. शेवटच्या पाच मिनिटांत फेट्याचा तुकडा मधोमध. तो वितळत नाही, फक्त मऊ होऊन कडेने सोनेरी होतो. बाहेर काढल्यावर अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर पार्सली आणि ट्रे तसाच टेबलावर. तळाशी जमलेला टोमॅटोचा, तेलाचा आणि चिकनचा रस पुसून घ्यायला जाड ब्रेड आधीच कापून ठेवा, कारण तो रस गार होईपर्यंत कोणी थांबत नाही.