चौघांत एक जुनी कॅम्पर: टी२ की टी२५?

अरे, चौघांत मिळून फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली व्हॅन) घ्यायची म्हणतोयस ना, मग आधी पैशाचं बोलू. टी२ (१९६७ ते ७९) फोटोत भारी दिसते म्हणूनच महाग, तशाच कंडिशनची तिच्यानंतरची टी२५ इथे ब्रिटनमध्ये बरीच स्वस्त मिळते. गंज दोघींनाही सोडत नाही, टी२५ला तर पत्र्याच्या सांध्यांत आतून लागतो, रंगाखाली फुगे दिसले की लोहचुंबक लावून बघ, चिकटला नाही तर आत पुट्टी भरलीय समज.

खरा फरक चढावर कळतो. टी२चं १६०० सीसी एअरकूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं, वेल्सच्या घाटात मागे रांग लागणार. टी२५चं १.९ लिटरचं वॉटरकूल्ड (पाण्याने थंड होणारं) इंजिन ७८ हॉर्सपॉवरचं, पण रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणजे कूलंटचे लांबलचक पाइप सांभाळत बसा!

चाळिशी ओलांडलेल्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, सहसा माफ असते, तरी दरवर्षी करूनच घ्या, नाहीतर ब्रेकवरून भांडणं ठरलेली. इन्शुरन्सवर चौघांचीही नावं हवीत.

आलटूनपालटून पोराबाळांसकट फिरायचं असेल तर टी२५. तुमच्यात एखादा रविवारी हात काळे करून व्हॉल्व्ह सेट करणारा वेडा असेल तरच टी२, आणि मग चावी त्याच्याकडेच राहू दे.