मालवणजवळच्या देवबागला गरवायला (गरीने मासे पकडायला) गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, बनाना राइड असलं पॅकेज हवं असेल तर ही ट्रिप तुमच्यासाठी नाही. इथे फक्त मासे पकडायचे, तेही गरीने. देवबागच्या एका तांडेलकाकांची स्वतःची होडी आहे, पिढीजात मच्छीमार माणूस, सीझनमध्ये चार-पाच जणांचा ग्रुप घेतात. आम्ही चौघं होतो, मी, भाऊ, वहिनी आणि बारा वर्षांचा भाचा. अख्ख्या बोटीचे साडेसहा हजार, त्यात गरी, तंगूस (नायलॉनची दोरी), आमिष, दोन रॉड आणि चहा सगळं आलं. मला तरी पैसे वसूल वाटले, आणि ते किती मासे मिळाले म्हणून नाही तर काकांमुळे.

बुकिंगचा फोन केला तेव्हाच त्यांनी तारीख बदलायला लावली. आम्ही ठरवलेला रविवार पौर्णिमेला लागून होता, काका म्हणाले तेव्हा उधाण, पाण्याला ओढ एवढी की शिसं कितीही जड लावा गरी वाहून जाणार. "भांगाक येवा, गरी तळाक रवतली." म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा. गिऱ्हाईक हातचं जाईल याची पर्वा न करता असं सांगणारे किती जण भेटतात?

पहाटे साडेपाचला निघालो. मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) असतो तोवर समुद्र शांत, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की होडी हलायला लागते म्हणून एवढ्या लवकर. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, काकांनी इंजिन हळू केलं, दोन-तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि मग अलगद बाहेर काढली होडी. नंतर निवतीच्या बाजूला. जीपीएस आहे त्यांच्याकडे पण जागा धरली ती किनाऱ्याकडे बघून, एक माड आणि मागचा डोंगर एका रेषेत आले आणि दुसऱ्या बाजूचा कडा दिसायला लागला की खाली खडप, म्हणजे मासे असतात तो पाण्याखालचा खडक. माझ्या भाच्याला त्यांनी ते दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्या जागेला त्यानेच ओरडून सांगितलं की काका आली बघा रेषा!

रॉड बाजूलाच राहिले, सगळी मजा हातातल्या तंगूसात. माकूलाचा (स्क्विडचा) तुकडा गरीला लावायचा, शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं आणि तर्जनीवर तंगूस धरून गप्प बसायचं. आधी टकटक जाणवते, ते बारके मासे आमिष कुरतडत असतात, आपल्याला वाटतं ओढावं पण नाही ओढायचं. "आदी तेका खावंदे, मगे ओढ." मग एकदम जड हिसका बसतो आणि तेव्हा जे हात चालतात ना, बोटं कापतील की काय असं होतं (हातमोजे न्या, खरंच न्या). भाच्याला तांबोशी लागली, वहिनीला चांगला गोबरा, आणि मला शेंगाळा. शेंगाळ्याला काकांनी कुणाला हात लावू दिला नाही, त्याच्या काट्यात विष असतं, पक्कडीने गरी सोडवली आणि भाच्याला लांबूनच काटे कुठे असतात ते दाखवलं. लहान मुलं बरोबर असतील तर असा माणूस पाहिजे.

परतताना रापाला (माशासारखं दिसणारं नकली आमिष) मागे सोडून चालत्या होडीतून ओढत नेलं, म्हणजे ट्रोलिंग केलं, एक सुरमई लागली. आम्ही उड्या मारतोय आणि काका फळीवरच्या खुणेला लावून मोजतायत. 2023 मध्ये सरकारने 54 जातींच्या माशांसाठी कमीत कमी आकार ठरवून दिलाय, सुरमईसाठी 370 मिलिमीटर, ही त्यात बसत नव्हती. सोडली पाण्यात. भावाचा चेहरा उतरला पण मला मनापासून आवडलं, अंडी घालायच्या आधीच पोरं मारली तर पुढे खाणार काय, हे त्यांचंच म्हणणं.

आता खटकलेलं. होडीवर सावली नाही, नऊनंतर ऊन भाजून काढतं. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली पण मोठ्यांच्याच मापाची, भाच्याचं दोरीने आवळून बांधावं लागलं, हे मात्र त्यांनी सुधारायलाच हवं, मूल येणार हे आधी सांगितलं होतं. टॉयलेटची सोय अर्थातच नाही, बायकांनी त्या हिशेबाने निघा. रॉडची रिळं जुनी आहेत, जिगिंगची (रॉडने धातूचं आमिष खालीवर झटकत मासे पकडायची) हौस असेल तर आपलं सामान न्या. उलटीचा त्रास असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, समुद्रात गेल्यावर घेऊन उपयोग नाही.

पकडलेले मासे आपलेच, त्यात वाटा मागत नाहीत. काकूंना शिजवायचं वेगळं द्यावं लागतं, माणशी दोनशे. गोबऱ्याचं कालवण, तांबोशी तळून, भात, सोलकढी. वहिनी एरवी मासे मोजून खाते, तिने दोनदा कालवण मागून घेतलं.

जून-जुलै मासेमारी बंदी असते तेव्हा फोन करू नका. ऑक्टोबर ते मे मध्ये जा, शक्यतो डिसेंबर-जानेवारी, आणि तारीख त्यांना विचारूनच ठरवा, आधी ट्रेनचं तिकीट काढून मग फोन केलात तर ते सरळ नाही म्हणतील. ट्रेनने जाणाऱ्यांनी कुडाळला उतरायचं.